लॅब्रॅडॉर घ्यायचाय, पण कुठल्या पैशातून?

प्रश्न : आम्ही वाकडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघांचे मिळून हातात १,२४,००० रुपये येतात. घराचा हप्ता ३६,५००, गाडीचा ११,५०० (अजून १४ महिने), मुलीची शाळा आणि क्लास १०,०००, एसआयपी १५,०००, घरखर्च ३३,०००. दीड लाखाची एफडी आहे. नऊ वर्षांची मुलगी लॅब्रॅडॉरसाठी हट्ट धरून बसली आहे. इन्स्टाग्रामवर एकाकडे सहा आठवड्यांचे पिल्लू २८,००० ला आहे. रविवारपर्यंत टोकन मागतो, बाकीचे क्रेडिट कार्डाच्या १२ हप्त्यांत बसतात. आम्ही साडेआठला निघतो आणि सातला घरी येतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई अधूनमधून राहायला असतात. घ्यावे का?

उत्तर : रविवारी टोकन देऊ नका. कुत्रा तुम्हाला परवडू शकतो, पण आत्ता नाही आणि या विक्रेत्याकडून तर नाहीच.

तुमच्या आकड्यांची बेरीज १,०६,००० होते, म्हणजे कागदावर महिना १८,००० उरतात. पण मुदत विमा, आरोग्य विमा, गाडीचा विमा, गणपतीला गावी जाणे, दिवाळी, लग्नकार्यातले आहेर हे खर्च तुम्ही लिहिलेले नाहीत. तुमच्यासारख्या घरात ते वर्षाला सव्वा लाखाच्या आतबाहेर असतात. महिन्याला १०,००० धरा. खरे उरतात ८,०००.

हप्त्यांचे आधी उरकून टाकू. २८,००० वर वार्षिक १५ टक्के धरले तर १२ महिने सुमारे २,५३० चा हप्ता बसेल. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून ३१,००० च्या आसपास जातील. तीन हजारांनी तुम्ही बुडणार नाही. पण कुत्र्याच्या सगळ्या खर्चात पिल्लाची किंमत हा अगदी छोटा भाग आहे, आणि त्यालाच हप्ते लागत असतील तर पुढचे कशातून भागवणार?

पुढचे म्हणजे काय ते पाहा. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर २८ ते ३२ किलोचा होतो आणि दिवसाला साधारण ३५० ग्रॅम ड्राय फूड खातो. महिन्याला साडेदहा किलो, मध्यम प्रतीचे घेतले तरी ४,५०० रुपये. घरी भात, चिकन, अंडी शिजवून घातली तर फारशी बचत होत नाही, गॅस आणि वेळ वर जातो. ताटातले उरलेले घालू हा विचार सोडा : कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशींना मारक असतात, आणि ही जात मुळातच खादाड. वजन वाढले की पुढे सांध्यांचे बिल येते. गोचीड आणि जंतांच्या औषधांना महिना ८०० धरा. वार्षिक लसी आणि तपासणीची सरासरी ६००. शाम्पू, नखे, ब्रश, किरकोळ ५००. दुपारी एकदा फिरवून आणायला माणूस ठेवावा लागेल, त्याचे ३,०००. गावी जाताना वर्षातले २० दिवस बोर्डिंग, दिवसाला ९०० प्रमाणे, म्हणजे महिन्याला १,५००. एकूण १०,९००. हे दर मी पुण्याच्या मानाने धरलेत. तुमच्या भागातल्या दोन दवाखान्यांना आणि एका बोर्डिंगवाल्याला फोन करून ताडून पाहा. पाचशे इकडेतिकडे होतील, ८,००० मात्र होणार नाहीत.

पहिल्या वर्षाचे वेगळेच. दीड-दोन महिन्यांपासून चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मल्टिव्हॅलंट (एकाच वेळी अनेक आजारांवरच्या) लसीचे डोस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि तिचा बूस्टर, दवाखान्याची फी धरून सहा हजार. पट्टा, भांडी, क्रेट, अंथरूण यांचे सहा. नसबंदीचे दहा, मादी असेल तर जास्त. पिल्लाच्या किमतीसह ५०,००० रुपये.

आता दवाखाना. आपल्याकडे कुत्र्यांच्या आजारपणात गोचीडताप नेहमीचा, आणि सोसायटीची बाग व बेसमेंट पार्किंग या गोचिडांच्या आवडत्या जागा. कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, प्लेटलेट्स घसरतात. रक्ततपासणीला दीड-दोन हजार, मग बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स. दहाव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला की लोक गोळ्या बंद करतात आणि दोन महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो. वेळेत धरला तर पाच-सहा हजारांत सुटता. रक्त चढवायची वेळ आली तर बिल वीस-पंचवीस हजारांवर जाते. मोजा गिळला आणि आतड्यात अडकला, किंवा गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर शस्त्रक्रियेचे बिल ४० हजारांपासून लाखापर्यंत होऊ शकते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने स्वस्त असतात, पण त्यांची वेळ तुमच्या ऑफिसचीच.

विम्याने हे सुटेल का? अर्धवट. काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्याचा विमा देतात, पण लसी, जंतांची औषधे, नसबंदी सहसा त्यात नसते. प्रतीक्षा काळ असतो, नव्याने घ्यायला वयाची मर्यादा असते, आणि लॅब्रॅडॉरला छळणारा खुब्याचा आनुवंशिक आजार अनेक पॉलिसींत वगळलेला असतो. वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचा. मी त्यातला तृतीय पक्ष दायित्वाचा भाग पाहून घेईन. कुत्रा कोणाला चावला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते, आणि निष्काळजीपणा ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. उपचारांसाठी मात्र स्वतःचा ६५-७० हजारांचा वेगळा निधी बरा. तो एसआयपीतून काढायचा नाही.

पैशाइतकाच अडणारा मुद्दा म्हणजे साडेआठ ते सात. साडेदहा तास. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही आणि दिवसातून चार वेळा खाते. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चौथ्या महिन्यापर्यंत, पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य जुलाब-उलट्यांच्या) भीतीने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही आणि चांगले बोर्डिंगही घेत नाही. म्हणजे पहिले दोन-अडीच महिने दिवसभर घरात कोणीतरी हवे. रजा, घरून काम, किंवा पगारी माणूस. पगारी माणसाचे पैसे मी वर धरलेलेच नाहीत. एकटे राहिलेले पिल्लू चार्जरची वायर, सोफा, चपला चावते. त्याचा स्वभाव वाईट नसतो, दात येत असतात आणि कंटाळा आलेला असतो. सासूबाईंच्या भरवशावर हे टाकू नका. वर्षाचा लॅब्रॅडॉर प्रेमाने अंगावर आला तरी तीस किलोचा धक्का असतो, आणि त्यांच्या एका पडण्याचे बिल कुत्र्याच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा भारी पडू शकते.

विक्रेत्याबद्दल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तुमचा माणूस सहा आठवड्यांचे विकतोय, म्हणजे नियम मोडूनच सुरुवात. केनेल क्लबचा कागद दाखवला तरी तो वंशावळीचा असतो, नोंदणीचा नाही. पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवा म्हणा, लसकार्डावर बाटलीचे स्टिकर आणि डॉक्टरची सही आहे का पाहा. फोटो पाहून टोकन पाठवणाऱ्यांचे पैसे बुडतात, किंवा पार्व्हो घेऊन आलेले पिल्लू आठवड्यात सलाइनवर जाते.

आणखी एक हिशेब कोणी करत नाही. लॅब्रॅडॉर साधारण १० ते १२ वर्षे जगतो. १०,९०० ला दरवर्षी ६ टक्के वाढ धरली तर १२ वर्षांत २२ लाख होतात. हेच पैसे एसआयपीत टाकले असते तर किती झाले असते, ते मी मुद्दाम सांगत नाही; त्या काट्यावर तोलायचे तर मुलेही कोणी जन्माला घालणार नाही. पण वर्षे जुळवून पाहा. मुलगी १८ ची होऊन कॉलेजला बाहेर जाईल तेव्हा कुत्रा आठ-नऊचा असेल. ज्या वर्षी तिची फी सुरू होईल त्याच सुमाराला त्याचे सांधे, दात, रक्ततपासण्या सुरू होतील, आणि त्याला फिरवणारे तुम्ही दोघेच उराल. ते तुम्हाला चालणार आहे का, हे आज नवऱ्याशी बोलून घ्या. झेपले नाही म्हणून सोडून देणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. त्यातला दंड हास्यास्पद आहे, हे खरे.

मग करायचे काय? या महिन्यापासून ८,००० ची १४ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून कापली जाईल अशी. साडेसहा टक्के धरले तर शेवटी सुमारे १,१६,००० हातात येतील. ५०,००० पहिल्या वर्षाचे, उरलेला दवाखान्याचा निधी. त्याच महिन्यात गाडीचा हप्ता संपेल. तेव्हा हातात राहणाऱ्या १९,५०० तून कुत्र्याचे १०,९०० भागतील आणि ८,६०० आपत्कालीन निधीकडे वळवता येतील. दीड लाखाची एफडी धरली तर तो आज जेमतेम दीड महिन्याच्या खर्चाइतकाच आहे. तुमची नोकरी गेली तर कुत्र्याआधी घराचा हप्ता अडेल. आवर्ती ठेव मध्येच दोनदा मोडावी लागली, तर उत्तर मिळालेच.

मुलीचा जीव कुत्र्यात असेल, लॅब्रॅडॉरमध्ये नव्हे, तर दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करा. पंधरा-अठरा किलोचा, लसी आणि नसबंदी झालेला, शांत स्वभावाचा निवडता येतो, आणि सवय लागली की आठ तास लघवी धरतो. महिन्याचा खर्च साडेआठ हजारांवर येतो, पहिल्या वर्षाचे ५०,००० दहा-बारा हजारांत बसतात. माझे मत याच बाजूला झुकते. तोपर्यंतच्या १४ महिन्यांत एखाद्या निवारा संस्थेतला कुत्रा सुट्टीत पंधरा दिवस सांभाळून पाहा. सकाळी सहाला पावसात कोण उठतो ते कळेल.

सोसायटीची काळजी नको. कुत्रा पाळायला सरसकट बंदी किंवा लिफ्टला मनाई करता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवले आहे. महापालिकेचा परवाना मात्र काढा, त्याला रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. आणि आणायचा दिवस गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात फटाके नकोत, आणि तुमचीही गावी जायची धांदल असते. दोघांपैकी एकाची सलग दहा दिवस रजा मंजूर झाली की मगच तारीख धरा.