वाचकांचे प्रश्न : मैदानी निकालांची शीट आणि तिचे रंग

(सोयीसाठी सूत्रे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर अक्षरे आणि आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकावेत.)

शंभर मीटरच्या वेळा गूगल शीट्समध्ये भरतो. १३.५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आली की सेल हिरवा व्हावा, असं सूत्र लिहून नियम लावला. पण जी मुलं त्या दिवशी आलीच नाहीत त्यांचे रिकामे सेलही हिरवे होतात. लांब उडीत तर 'गैरहजर' लिहिलेली पोरं पात्र दिसतात. असं का?
— क्रीडाशिक्षक, आर्वी तालुका

सर, सूत्रातल्या तुलनेत रिकामा सेल शून्य धरला जातो आणि शून्य हे साडेतेरापेक्षा कमीच. मजकुराचं याच्या उलट आहे. कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो, म्हणून '४.५० किंवा जास्त' या अटीत 'गैरहजर' हा शब्दही बसतो. धावण्यात रिकामी जागा फसवते, उडी-फेकीत मजकूर फसवतो. दोन्हींवर उपाय एकच : आधी सेलमध्ये आकडा आहे का ते विचारा, मग तुलना करा.

डी२ ते डी६० निवडा. फॉरमॅट, त्यात कंडिशनल फॉरमॅटिंग, आणि अटींच्या यादीत सगळ्यात खाली 'कस्टम फॉर्म्युला इझ'. तिथे लिहा :

=अँड(इझनंबर(डी२), डी२<=१३.५)

एक्सेलमध्ये हेच सूत्र होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, 'यूज अ फॉर्म्युला' इथे जातं. उडीसाठी चिन्ह फिरवून >=४.५ करा.

निवड ज्या ओळीपासून सुरू होते तोच ओळक्रमांक सूत्रात हवा. निवड डी२ पासून आणि सूत्रात डी१ असेल, तर प्रत्येक मुलाचा रंग त्याच्या खालच्या मुलाच्या नावासमोर पडतो. शीट बघताना हे चटकन लक्षात येत नाही, कारण हिरव्या सेलांची संख्या साधारण बरोबरच असते. नियम लावल्यावर एका मुलाच्या सेलमध्ये मुद्दाम ९ टाका. त्याचाच सेल हिरवा झाला तर नियम ठीक. मग खरी वेळ परत भरा.

वेळेपुढे 'से.' आणि अंतरापुढे 'मी.' लिहू नका. '१३.२ से.' हा शीटच्या दृष्टीने मजकूर आहे आणि वरच्या सूत्रात तो सेल कधीच रंगणार नाही. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहावं. ओळखायची खूण सोपी आहे : तुम्ही काही बदल केला नसेल, तर आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे.

आठशे मीटरला मिनिटं आणि सेकंद दोन्ही येतात. एक्सेलमध्ये २:४८ लिहिलं, दुसऱ्याचे २:५१.६ लिहिले, तर दुसराच पहिला येतो.
— सहायक शिक्षक, सिंदेवाही तालुका

नुसतं २:४८ लिहिलं की एक्सेल त्याला २ तास ४८ मिनिटं समजतं. दशांश असलेलं २:५१.६ मात्र ते २ मिनिटं ५१.६ सेकंद म्हणून घेतं. त्यामुळे ज्या मुलाच्या वेळेत दशांश आहे तो कितीतरी पटीने वेगवान ठरतो आणि यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो.

वेळेच्या फॉरमॅटशी झुंजण्यापेक्षा सी रकान्यात मिनिटं, डी रकान्यात सेकंद भरा आणि ई मध्ये =इफ(काउंट(सी२:डी२)=२, सी२*६०+डी२, "") लिहा. २ मिनिटं ५१.६ सेकंदांचे १७१.६ होतात. नियम आणि क्रमांक दोन्ही ई वरच लावा. पूर्ण मिनिटांची वेळ असेल तेव्हा सेकंदांच्या जागी ० टाकायला विसरू नका, नाहीतर ई रिकामा राहील.

आमच्या आश्रमशाळेत दर महिन्याला चाचणी घेतो. हिरव्यापासून लाल असा कलर स्केल लावला आहे. दर वेळी तीच चार मुलं हिरवी आणि तीच मुलं लाल. तक्ता भिंतीवर लावल्यापासून काही मुली चाचणीला यायलाच टाळतात. दुसरी काही पद्धत आहे का?
— शिक्षिका, धारणी

मॅडम, आहे, आणि ती जरूर वापरा. कलर स्केल अख्ख्या रकान्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा आकडा धरून रंग वाटतो. म्हणजे कितीही सुधारणा झाली तरी कोणीतरी लाल राहणारच. निवड चाचणीसाठी क्रमांक लागतो, पण महिन्याच्या सरावात मुलीची तुलना तिच्याच आधीच्या वेळेशी व्हायला हवी. भिंतीवरचा तक्ता तर याच पद्धतीचा असावा, असं आमचं ठाम मत आहे.

समजा डी मध्ये जुलैची वेळ आहे, ई मध्ये ऑगस्टची, आणि पुढे जे पर्यंत बाकीचे महिने. आधीचा कलर स्केल काढून टाका, ई२ ते जे६० निवडा आणि हे सूत्र द्या :

=अँड(इझनंबर(ई२), राउंड(मिन($डी२:डी२)-ई२, १)>=०.२)

यातलं डॉलरचं चिन्ह फक्त पहिल्या डी आधी आहे, आणि सगळी करामत तिथेच आहे. नियम एफ रकान्यात पोचतो तेव्हा $डी जागचा हलत नाही, दुसरा डी मात्र ई होतो. म्हणजे सप्टेंबरची वेळ जुलै-ऑगस्टमधल्या उत्तम वेळेशी ताडली जाते, ऑक्टोबरची आधीच्या तिन्ही महिन्यांशी. दोन्हीकडे डॉलर लावलात तर तुलना कायम जुलैशीच होत राहील. ज्या मुलीची आधीची एकही वेळ नाही तिचा सेल कोराच राहतो, ते योग्यच आहे.

०.२ ची अट मुद्दाम ठेवली आहे. हाताच्या घड्याळात बोट दाबण्याचाच फरक दशांशभर पडतो, त्यामुळे १५.४ चे १५.३ झाले ही प्रगती म्हणता येत नाही. ट्रॅकवर हाताने घेतलेली वेळ नियमानुसार वरच्या दशांशात नेतात : घड्याळात १५.३१ दिसले तरी नोंद १५.४. चाचणीतही तसंच लिहा.

लांब उडीला मोठा आकडा चांगला, म्हणून मिनच्या जागी मॅक्स येतं. पण तिथे आधीचे सेल रिकामे असले तर मॅक्स शून्य देतं आणि पहिलीच उडी 'सुधारणा' ठरते. म्हणून एक अट वाढवा :

=अँड(इझनंबर(ई२), काउंट($डी२:डी२)>0, ई२>मॅक्स($डी२:डी२))

रंग एकच ठेवा, फिकट हिरवा. सुधारणा नाही तिथे सेल पांढरा राहू द्या, लाल नको.

आता मैदानाचं. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती बुटाला चिकटते, पाय उचलत नाही. नोव्हेंबरात तेच मैदान टणक झालेलं असतं. तेव्हा सगळा वर्ग एकदम हिरवा होईल आणि ती मेहनत नसून माती असेल. हे तपासायला ६२ व्या ओळीत प्रत्येक रकान्याखाली =मिडियन(ई२:ई६०) असं सूत्र टाका. वर्गाची मधली वेळच अर्ध्या सेकंदाने खाली आली असेल, तर एकट्या मुलीच्या अर्ध्या सेकंदाचं फार कौतुक करू नये. तिने एक सेकंद कमी केला असेल तर ती खरंच पुढे गेली. उलट पावसाळ्यात मधली वेळ वाढली आणि एखादीची तेवढीच राहिली, तर तीही प्रगतीच. ती रंगात दिसत नाही, शेजारी शेरा लिहा.

वरच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक वेळ असेल तर ती हाताच्या वेळेपेक्षा जास्त दिसते. १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ आणि ४०० ला ०.१४ मिळवून तुलना करायची रूढ पद्धत आहे. १३.४ ची मुलगी तिथे १३.६४ धावली तर ती मंदावलेली नाही, हे तिला सांगा.

मैदानावर रेंज नसेल तर शाळेतूनच फोनवर त्या शीटला 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन' करून निघा. नियम संगणकावर बनवा, फोनवर फक्त आकडे भरा. दुसरीकडून आकडे आणून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. साध्या पेस्टने जुना रंग आणि जुने नियमही सोबत येतात.

१४, १७ आणि १९ वर्षांखालील गट तपासायला जन्मतारखेवर नियम लावला. वय उलटून गेलेला एक मुलगाही पात्र दिसला.
— मुख्याध्यापक, उमरखेड तालुका

त्याची तारीख बहुधा मजकूर म्हणून बसली आहे, आणि मजकूर तारखेपेक्षाही मोठा धरला जातो. गूगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकेल (तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) इथे 'इंडिया' निवडा. तिथे अमेरिका असेल तर १५/०६ ही तारीख मजकूर होते आणि ०५/०६ गुपचूप ६ मे होते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसतच नाही. लोकेल बदलल्यावर आधीच्या तारखा आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या दाखल-खारीज रजिस्टरवरून पुन्हा भरा. जन्मतारखा सी रकान्यात आणि त्या वर्षीच्या परिपत्रकातली त्या गटाची जन्मतारखेची मर्यादा के१ मध्ये ठेवून =अँड(इझनंबर($सी२), $सी२>=$के$१) असा नियम ठेवलात, तर पुढल्या वर्षी एकच सेल बदलावा लागेल. यादी तालुक्याला पाठवताना ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जाते, तेव्हा रंगासोबत ठळक अक्षरांचा पर्यायही नियमात निवडून ठेवा.