तांब्याचा पत्रा ठोकल्यावर पसरतो, मग मिठाचा खडा का फुटतो?

तांब्यातला बंध दोन ठरावीक अणूंपुरता नसतो, तो सगळ्या अणूंत सामाईक असतो. म्हणून थर सरकले तरी तो तुटत नाही. अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे होऊन धन आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या, धन प्रभाराच्या अणूंच्या) जाळीभर फिरतात. हातोडा बसला की आयनांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि हे इलेक्ट्रॉन त्यांना नव्या जागीही धरून ठेवतात. मिठात मात्र सोडियमचे धन आणि क्लोराइडचे ऋण आयन आलटून-पालटून बसलेले असतात; थर जरा सरकला की सोडियमसमोर सोडियम, क्लोराइडसमोर क्लोराइड येतो; समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात आणि खडा फुटतो. तांब्यातून वीज आणि उष्णता सहज वाहते तीही याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे.

पण फक्त बंधाकडे बघून सगळं उलगडत नाही. थर किती दिशांनी घसरू शकतात हे स्फटिकाच्या रचनेवर ठरतं: तांब्यात भरपूर वाटा असतात, जस्तात कमी, म्हणून जस्त थंड असताना लवकर तडकतं. आणि तांबंही सतत ठोकलं तर जाळीतले दोष (अणूंच्या रांगांची विस्कटलेली मांडणी) एकमेकांत अडकून ते कडक होतं, पुढे कडेला चिरतं. म्हणूनच तांबट भांडं घडवताना मधूनमधून पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवतात; नवे, दोष कमी असलेले स्फटिककण तयार होतात आणि पत्रा पुन्हा मऊ पडतो.