नागपुरात राहून समुद्राचा गाळ शिकायचा असेल तर

नागपूर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समुद्रातल्या गाळाचं प्रदूषण कसं तपासतात, हे तुला शिकायचंय. 'नागपूरला समुद्र कुठाय?' असं घरचे म्हणतात, हे तू जरा हिरमुसूनच लिहिलेलं दिसतंय. घरच्यांना एकदा पंचशील चौकातल्या पुलावर घेऊन जा आणि खाली बघायला सांग. अंबाझरीकडून येणारी ती नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा गोसीखुर्द धरण ओलांडून वर्धेसोबत प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याकडे गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. धरणात बराच गाळ अडतो, हे खरं. पण सगळ्यांत बारीक कण पुराबरोबर पुढे निघून जातात, आणि धातू अन् कीटकनाशकं नेमकी त्याच कणांना चिकटलेली असतात. तेव्हा समुद्र आपला नाही, असं कोणी म्हणू नये.

आता कामाचं. समुद्राचं पाणी तपासलं की झालं, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटतं. पण भरतीचं पाणी वेगळं, ओहोटीचं वेगळं. पहाटे सोडलेलं सांडपाणी दुपारपर्यंत वाहून गेलेलं असतं. गाळ मात्र जपून ठेवतो. जिथे कोणी उपसा केलेला नाही अशा शांत जागी नळीने उभा गाभा काढला, तर वरचा थर अलीकडचा आणि खालचा आजोबांच्या काळचा मिळतो. गाळातलं किरणोत्सारी शिसं-२१० सुमारे २२ वर्षांत निम्मं होतं, त्यावरून थरांचं वय काढतात. सीझियम-१३७ जिथे सर्वांत जास्त सापडतं तो थर १९६३ च्या आसपासचा, अणुचाचण्यांच्या काळातला.

ठाण्याच्या खाडीत पहिल्यांदा ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडून आणणारं अवजार, वर घेतला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. जबडा उघडला. वर नखाएवढा तपकिरी थर, त्याखाली लोण्यासारखा मऊ, काळाकुट्ट गाळ आणि कुजक्या अंड्यांचा वास. होडीवरच्या कोळीदादांनी चिमूटभर गाळ बोटांत चोळला आणि म्हणाले, "इथं वाळू नाय." मला तेव्हा कळलं नाही, पण अर्धं उत्तर त्यात होतं. तपकिरी थर म्हणजे प्राणवायू पोचलेला भाग. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. रंग, वास, खोली, भरतीची वेळ आणि बोटांना लागलेली वाळू हे सगळं तिथल्या तिथे वहीत उतरव. प्रयोगशाळेतलं यंत्र यातलं काहीच सांगणार नाही.

वाळूचं इतकं महत्त्व का, तर वाळूला धातू कमी चिकटतात, चिकण गाळाला जास्त. एका जागी तांबं किलोला २० मिलिग्रॅम आणि दुसरीकडे ६० आलं, म्हणून दुसरी जागा तिप्पट घाण असं लिहून मोकळी होऊ नकोस. ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला भाग घे आणि सोबत ॲल्युमिनियमही मोज. ते चिकणमातीचंच अंग आहे, सांडपाण्याने त्यात सहसा फारसा फरक पडत नाही. तांब्याच्या आकड्याला त्याने भाग दिला की कितीदा तरी दोन्ही जागा सारख्याच निघतात.

माझ्या हातून घडलेलं एक सांगते. एका पूर्ण हंगामाचे जस्ताचे आकडे मला फेकून द्यावे लागले. सगळ्याच नमुन्यांत जस्त चढलेलं होतं आणि मी अहवालाचा मसुदाही लिहिला होता, एका खाडीचं नाव घेऊन. मग ब्लँक बघितला. होडीवर अवजारं धुतल्यावर त्यांवरून ओतून बाटलीत भरलेलं शुद्ध पाणी होतं ते. त्यातही जस्त! आम्ही अवजारं जस्ती बादलीत धूत होतो. धातूंसाठी प्लॅस्टिकचा चमचा आणि प्लॅस्टिकची बादली; पीसीबी, डीडीटी अशा सेंद्रिय रसायनांसाठी उलट, स्टीलचा चमचा आणि ॲल्युमिनियमची फॉइल. ब्लँक कधीही चुकवू नकोस.

जीवांकडे वळायचं तर कालवं आणि हिरवे शिंपले घे. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग यांनी किनाऱ्या-किनाऱ्यांवर शिंपलेच तपासत राहण्याची कल्पना मांडली आणि अमेरिकेत १९८६ पासून 'मसल वॉच', म्हणजे शिंपल्यांवरची पाळत, सुरू झालं. शिंपला जागा सोडत नाही, सतत पाणी गाळत राहतो, आणि पाण्यात जे अगदी विरळ असतं ते त्याच्या अंगात साठतं. मासा हिंडतो. शिवाय तेला-धुरातून येणारी पीएएच रसायनं त्याचं यकृत मोडून टाकतं, म्हणून मासा स्वच्छ निघाला तरी खाडी स्वच्छ असेलच असं नाही. शिंपले एकाच मापाचे, एकाच महिन्यात घे आणि पोटातला गाळ निघून जावा म्हणून दिवसभर स्वच्छ समुद्री पाण्यात ठेव. आकडा ओल्या वजनावर की सुक्या, हे न चुकता लिही. शिंपल्यात बरंचसं पाणीच असतं, नुसत्या त्या एका शब्दाने आकडा चार-पाच पट बदलतो.

पाऱ्यासाठी मात्र मोठा शिकारी मासाही तपासावा लागतो. प्राणवायू नसलेल्या त्याच काळ्या गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं अंगात साठणारं विषारी रूप, करतात आणि लहान माशातून मोठ्यात तो वाढत जातो. जपानमधल्या मिनामाताचे लोक अशी पारा साठलेली मासळी खाऊनच आजारी पडले. तो आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. खाडीतली मासळी रोज कोण खातं? पकडणाऱ्याचंच घर. आकडा कमी लिहिला तर त्या घरातली पोरं विष खातात. जास्त लिहिला तर दुसऱ्या दिवशी कोळणीची पाटी भरलेलीच परत जाते. तो जस्ताचा मसुदा माझ्या टेबलावरून पुढे गेला असता तर काय झालं असतं, हे मला आजही अधूनमधून आठवतं.

तुला समुद्र मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की नाग नदीवर तीन जागा ठरव: अंबाझरीच्या खाली, पारडीच्या बाजूला आणि कन्हानच्या संगमाआधी. दर जागी तीन नमुने घे. हातमोजे बिनपावडरचे वापर, पावडरमध्येही जस्त असतं. पिशवीवरची शाई पुसते, म्हणून पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत घालून सोबत बांध. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून घे. घरच्या फ्रीजमध्ये तो गाळ ठेवू नकोस.

आकडे सवडीने पाठव. आधी वहीची पानं पाठव.

अनेक आशीर्वाद.