यकृताच्या कर्करोग पेशींत हिपॅटायटिस बी शोधताय? आधी एवढं करा

हिपॅटायटिस बीचा डीएनए मानवी गुणसूत्रात कुठे घुसलाय, म्हणजे त्याचे 'जोड' शोधायचेत? विषय छान निवडलात. सुरुवातीलाच सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, आधी जीवशास्त्र पक्कं करा. हिपॅटायटिस बीचा जीनोम जेमतेम 3,200 बेसचा, गोलाकार. पेशीच्या केंद्रकात तो सीसीसीडीएनए (पूर्ण बंद गोलाकार डीएनए) म्हणून मानवी गुणसूत्रांपासून वेगळा राहतो आणि नवे विषाणू त्यावरूनच तयार होतात. गुणसूत्रात घुसलेल्या तुकड्यातून पूर्ण विषाणू बनत नाही. एचआयव्हीत उलट, नवे विषाणू गुणसूत्रात घुसलेल्या प्रतीतूनच बनतात; म्हणून त्यावर शिकून आलेले इथेच हमखास गोंधळतात.

पीएलसी/पीआरएफ/5 या, गुणसूत्रात विषाणूचे तुकडे असलेल्या यकृत-कर्करोग पेशींपासून सुरुवात करा. 1970च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या या पेशी विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन, एचबीएसएजी, माध्यमात सोडतात; विषाणू मात्र सोडत नाहीत. त्यामुळे एलायझाची (प्रथिन रंगावरून ओळखणाऱ्या चाचणीची) प्लेट पिवळी झाली म्हणून वहीत 'संसर्ग चालू' असं लिहू नका.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:

- हेपजी2 या यकृत-कर्करोग पेशींमध्ये हा विषाणू आहे असं धरणं. नसतो, निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला तुलनेचा नमुना) म्हणून त्याच ठेवा. हेपजी2.2.15 मध्ये तो प्रयोगशाळेत घातलेला आहे.
- एकाच रीडवर (सीक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या डीएनएच्या एका तुकड्यावर) जोड जाहीर करणं. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) खोटे जोड सर्रास तयार होतात. एक प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा डीएनए तुकडा) मानवी बाजूला, एक विषाणूच्या बाजूला लावा, आणि सँगर सीक्वेन्सिंगने (तो तुकडा थेट वाचून) खात्री करा. हे कधीच टाळू नका.
- जीनोम गोल आहे हे विसरणं. तुलनेसाठी वापरलेला संदर्भक्रम सरळ रेषेत लिहिलेला असतो; तो सुरू होतो तिथे रीड तुटलेला दिसतो, तो जोड नव्हे.

टर्ट या कर्करोगाशी संबंधित जनुकाजवळचे जोड, क्लोनल वाढ (एकाच पेशीपासून झालेली वाढ), लाँग-रीड (लांब तुकडे वाचणारं सीक्वेन्सिंग) हे सगळं पुढे बघू. पहिला जोड सँगरने पक्का झाला की क्रम इथे टाका, मिळून वाचू.