बॅन्फच्या स्की रिसॉर्टमध्ये नोकरी: ऑफर स्वीकारण्याआधी

हॉटेल मॅनेजमेंट झालंय, कॅनडातल्या बॅन्फच्या एका स्की रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगची ऑफर आहे, मधला एजंट पैसे मागतोय; हातात किती उरेल आणि पुढे पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचं काय, असं तुम्ही विचारलंत. मी इथे आधी चेअरलिफ्टवर, म्हणजे लोकांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांवर कामाला होतो, आता स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात आहे. सविस्तर लिहितो.

आधी एजंट. परदेशी कामगार आणण्यासाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीचं, म्हणजे एलएमआयएचं १००० कॅनेडियन डॉलर शुल्क मालकाने भरायचं असतं, आणि ते कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. कोणी 'एलएमआयएचे पैसे' म्हणून लाखांत आकडा सांगत असेल तर तिथेच थांबा.

पीआरचं गणित कामाच्या प्रकारावर आहे. एक्स्प्रेस एंट्री ही गुणांवर पीआर देणारी सरकारी पद्धत; तिच्यातल्या कॅनेडियन अनुभवाच्या वर्गासाठी टीअर (कामांची सरकारी श्रेणी) ० ते ३ मधलं वर्षभराचं काम लागतं. कुकचं काम टीअर ३ मध्ये बसतं. हाउसकीपिंग आणि लिफ्ट चालवणं बसत नाही, कितीही वर्षं केलंत तरी. नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण मिळायचे, तेही मार्च २०२५ पासून बंद झाले. तुमचं शिक्षण बघता किचनमधली जागा मागून बघा. शिवाय डोंगरावरच्या रिसॉर्टपेक्षा गावातलं हॉटेल बरं. डोंगरावरचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. गावात जुलै-ऑगस्टमध्ये हिवाळ्याहून जास्त गर्दी असते, त्यामुळे काम बारा महिने चालतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये मात्र तिथेही तास कमी होतात.

खरी अडचण थंडीची नाही, घराची आहे. बॅन्फ हे गाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत वसलेलं आहे. गावाची हद्द वाढत नाही आणि इथे राहायचं तर इथे नोकरी किंवा धंदा असावा लागतो. बाहेरून येऊन खोली मिळवणं महाकठीण, म्हणून बहुतेक जण कंपनीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहतात आणि भाडं पगारातूनच कापलं जातं. तुमचं वर्क परमिटही त्याच मालकाच्या नावावर असेल. म्हणजे नोकरी सुटली की छप्पर गेलं, आणि नव्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही. वरिष्ठ चांगला असेल तर हे जाणवतही नाही. नसेल तर माणूस गप्प बसून सोसत राहतो. असे सोसणारे मी पाहिलेत आणि मला त्याचा फार त्रास होतो. छळच होत असेल तर त्या मालकाला सोडून कुठेही काम करता येईल असं खास खुलं परमिट मागता येतं, हे येण्याआधीच ठाऊक असू द्या.

पैसा: अल्बर्टात, म्हणजे बॅन्फ ज्या प्रांतात आहे तिथे, किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे, २०१८ पासून तेवढंच. आठवड्याला ४० तास मिळाले तर ६०० डॉलर, त्यातून कर आणि भाडं जाणार. किराणा जवळच्या कॅलगरी शहरापेक्षा महाग. दोघांत खोली वाटून घेतलीत आणि घरी स्वयंपाक केलात तर थोडं उरतं. घरचं कर्ज झटपट फिटेल इतकं नाही.

मग मी इथे का टिकलो? बहुतेक रिसॉर्ट स्टाफला हंगामाचा पास देतात. एरवी लोक ज्यासाठी भरपूर पैसे मोजतात तो डोंगर सुट्टीच्या दिवशी तुमचा असतो. बर्फ कधी न पाहिलेली आपली मुलं फेब्रुवारीपर्यंत निळ्या, म्हणजे मध्यम उतारावरून आरामात खाली येतात. आणि काम शिकण्यासारखं असतं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचं वजन, उंची, वय, स्कीइंगची सवय आणि बुटाच्या तळाची लांबी विचारून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा आकडा लावतात. आकडा जास्त लागला तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा पिळतो. कमी लागला तर चालत्या उतारावर स्की निसटते. लोक वजन कमी सांगतात, सवय जास्त सांगतात. त्यांच्याकडून खरं काढून घेऊन स्क्रू फिरवायचा, ही जबाबदारी मला आवडते. सुट्टीच्या दिवशी स्वतः स्कीइंग करताना पाय मोडला तर मात्र ती कामावरची दुखापत धरत नाहीत. आरोग्य कार्डाचा अर्ज पोचल्या पोचल्या करा.

जानेवारीत कधी कधी उणे ३० च्या खाली जातं. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतो आणि अंग गारठतं. लोकरीचे कपडे घ्या, तेही इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो आणि दिवाळी शिफ्टमध्येच जाते. गावात फिलिपिनो बरेच आहेत. भात, मासे आणि घरी पैसे पाठवायची तारीख या तीन गोष्टींवर त्यांच्याशी लगेच जमतं. मराठी बोलावंसं वाटलं तर दीड तासावर कॅलगरी आहे.

ऑफर लेटर आलं की त्यात आठवड्याचे हमी तास किती, क्वार्टरचं भाडं किती आणि नोकरी संपल्यावर खोली किती दिवसांत सोडायची हे लिहिलंय का ते बघा. नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी मागा, आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.