सैन्यातून निवृत्त झालेला माझा भाऊ म्हणतो, ‘मला प्रार्थनेचा अधिकार उरलेला नाही.’ त्याला धर्मगुरूंकडे न्यावे का?

आपण लिहिले आहे की सेवा संपवून घरी आल्यावर आपल्या मोठ्या बंधूंनी प्रार्थना सोडली. मानसोपचार चालू आहेत, झोपही सुधारली आहे, तरी वरील वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येते. माजी सैनिकांसाठी समुपदेशनाचे काम करताना याच अर्थाची वाक्ये मी अनेकांकडून ऐकली आहेत. माझे मत असे आहे की त्यांना जरूर न्यावे, परंतु क्षमेचे आश्वासन देण्याची घाई न करणाऱ्या माणसाकडेच न्यावे.

झोप सुधारूनही हे वाक्य का जात नाही, हे आधी पाहिले पाहिजे. युद्धासारख्या अनुभवानंतर होणाऱ्या मानसिक आघाताला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये स्थान मिळाले, तेव्हा त्याचा विचार मुख्यतः भीतीच्या अंगाने झाला. बोस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांना मात्र त्याखाली आणखी एक दुःख दिसले: ज्या वरिष्ठांच्या शब्दावर प्राण पणाला लावले, त्यांनीच योग्य-अयोग्याची मर्यादा मोडल्याचे. २००९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्वतःच्या हातून घडलेली, थांबवता न आलेली किंवा नुसती डोळ्यांदेखत झालेली कृत्येही अशीच खोल जखम करतात, अशी मांडणी केली. या जखमेला ते नैतिक आघात म्हणतात. भीतीवरच्या उपचाराने शरीर शांत होते, पण ‘मी हे कसे केले?’ या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळतेच असे नाही.

या प्रश्नावर जवळची माणसे बहुधा प्रेमापोटीच म्हणतात, ‘तू तर आदेश पाळलास’, किंवा ‘देव सगळ्यांना क्षमा करतो’. सैनिकाला मात्र त्यातून एवढेच कळते की समोरच्याला पुढचे ऐकवत नाही, आणि तो गप्प होतो. कुरुक्षेत्रावर जिंकलेल्या युधिष्ठिराचे नेमके हेच झाले होते. कर्ण आपला सख्खा भाऊ होता हे कळल्यावर तो राज्य टाकून वनात जायला निघाला. भावांनी, द्रौपदीने, व्यासांनी आणि कृष्णाने क्षात्रधर्माचे दाखले देऊन त्याला नाना परींनी समजावले, तरीही त्याचे मन निवले नाही आणि शरपंजरी पडलेल्या भीष्मांपाशी बसून त्याला दीर्घकाळ प्रश्न विचारावे लागले.

१०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंडमध्ये जिंकलेल्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर त्या विजयी सैनिकांना बिशपांनी प्रायश्चित्त सांगितले, तेही मला या संदर्भात फार विचार करण्यासारखे वाटते. आपण अमुक माणसे मारली हे ज्याला ठाऊक असेल त्याला माणसामागे एक वर्ष, आणि ज्याला संख्याच ठाऊक नसेल त्याला उरलेल्या आयुष्यात आठवड्यातील एक दिवस. आजच्या सैनिकाला कोणी शिक्षा द्यावी असे मी मुळीच सुचवत नाही, परंतु सैनिकाच्या मनावरचे ओझे खरे मानून ते वाहण्याची काही रीत त्याला देणे, एवढे शहाणपण त्यात होते.

आज अशी रीत वेगळ्या प्रकारे घडवली जाते. फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात धर्मसेवक आणि मानसशास्त्रज्ञ मिळून गट चालवतात. त्यात सैनिक आधी एकमेकांसमोर बोलतात आणि शेवटी नागरिकांसमोर आपली कथा सांगतात. ज्यांच्या नावाने युद्ध लढले गेले ते नागरिक ती ऐकून जबाबदारीतील आपला वाटा स्वीकारतात. लिट्झ यांच्या पद्धतीत सैनिकाने आपल्याला आदरणीय असलेल्या व्यक्तीला मनाने समोर बसवून, घडलेले सर्व तिला सांगायचे आणि ती काय म्हणेल हे स्वतःच उच्चारायचे असते. देव न मानणाऱ्यालाही हे करता येते.

धर्मगुरू निवडताना आपण आधी एकट्याने भेटावे. ऐकलेले ते स्वतःपाशी ठेवतील का, आणि मध्येच उपदेश न करता ऐकू शकतील का, हे त्यांना स्पष्ट विचारावे. अनेक सैन्यांत तुकडीबरोबर धर्मगुरू असतात, पण सेवा संपताच तो संबंध तुटतो. बंधूंचा अशा कोणावर विश्वास असेल तर पहिला निरोप त्यांनाच द्यावा, कारण त्यांना तिथली भाषा समजावून सांगावी लागत नाही. भेटीला जायचे की नाही, हे मात्र बंधूंनीच ठरवावे.

हे सर्व उपचारांच्या जोडीने व्हावे, त्यांच्याऐवजी नव्हे, आणि बंधूंच्या संमतीने डॉक्टरांनाही त्याची कल्पना द्यावी. ‘मला अधिकार नाही’ यापुढे जाऊन ‘मी नसलेलाच बरा’ असे ते म्हणू लागले, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्यांना थेट विचारावे. असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर शस्त्र आणि औषधांचा साठा त्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.