विचारा की! : राजदूत दिवसभर करतो तरी काय?

मी दूतावासात ॲडमिनला होतो हे मागच्या अंकात लिहिलं काय अन् टपालाचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले चार प्रश्न घेतो.

प्रश्न (परभणी) : भाचा यूपीएससीचा अभ्यास करायलाय, म्हणतो कलेक्टर नाही, आयएफएसच (परराष्ट्र सेवा) घेणार अन् राजदूत होणार. टीव्हीवर तर हे लोक नुसते पार्ट्यांतच दिसतात. काम काय असतं त्यांना?

मामा, करू द्या की त्याला. पण लगेच राजदूत होत नसतात. आधी दिल्लीत ट्रेनिंग, मग थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासातला ज्युनियर अधिकारी, म्हणून कुठंतरी पाठवतात, तिथं एक परदेशी भाषा सक्तीची, असं करत करत वीसेक वर्षं गेली की मग मिशनचा, म्हणजे दूतावास सांभाळायचा, नंबर लागतो. अन् तेव्हाही आपण नेमला अन् गेला असं होत नाही. आधी समोरच्या देशाला नाव गुपचूप कळवतात, अगदी स्थळ कळवल्यासारखं, तिकडून नकार आला तर कारण सांगायचं बंधन त्यांच्यावर नसतं. होकार आला की तिथल्या राष्ट्रप्रमुखाला आपल्या राष्ट्रपतींचं पत्र द्यायचं.

आता दिवसाचं बघा. सकाळी आल्या आल्या रात्रीतून दिल्लीहून आलेल्या केबल, म्हणजे सरकारी गोपनीय संदेश, मग तिथले पेपर, मग सगळ्या विंगांची मीटिंग : राजकीय, व्यापार, कॉन्सुलर (व्हिसा-पासपोर्ट अन् आपल्या लोकांच्या अडचणी बघणारे), अन् शेवटी आम्ही ॲडमिनवाले, म्हणजे जनरेटर बंद पडलाय, ड्रायव्हर सुट्टीवर आहे, व्हिसाची लाईन गेटच्या बाहेर गेलीय. दुपारी तिथल्या परराष्ट्र खात्यात चक्कर, नाहीतर दिल्लीचं शिष्टमंडळ येणार म्हणून विमानतळ. व्यापाराचं काम तर लई असतं, अन् ते थेट आपल्या बांधापर्यंत येतं बरं का. २०१६ ला मोझांबिककडून तूर घ्यायचा करार झाला तो आठवतो का, अशा कराराचा सगळा पाठपुरावा तिथल्या आपल्या मिशनलाच करावा लागतो, बोट वेळेवर निघाली का, कुठं अडकली का, अन् इकडं ती तूर बंदरात उतरली की लातूरच्या आडतीत भावाची चर्चा सुरू. राजदूत शहरातल्या लोकांसाठी डाळ स्वस्त करतो अन् आपला शेतकरी त्याला शिव्या घालतो, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आणि पार्ट्या. संध्याकाळभर एकच ग्लास हातात धरून उभं राहायचं, पायाचे तुकडे पडतात. पण कोणता मंत्री जाणार, कोणतं टेंडर निघणार हे तिथंच कानावर येतं, अन् घरी जाऊन झोपायच्या आधी ते लिहून दिल्लीला कळवायचं असतं. गाडीवरचा झेंडा तेवढा भाच्याला आवडेल, साहेब स्वतः गाडीत असले तरच तो लावतात. पण दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, पोरांची शाळा बदलायची, अन् आईवडील इकडं आजारी पडले तर फोनवरच विचारपूस, हे पण त्याला सांगा.

प्रश्न (उदगीर) : दूतावासाची जमीन आपल्याच देशाची असते ना?

नाही. जमीन त्यांचीच. फक्त १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तिथले पोलिस मिशनच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय आत येऊ शकत नाहीत. लंडनमध्ये ज्युलियन असांज २०१२ पासून इक्वाडोरच्या दूतावासात बसून होता, ब्रिटिश पोलिस बाहेर थांबून राहिले, २०१९ ला इक्वाडोरनंच आत बोलावलं तेव्हा कुठं त्याला उचललं.

प्रश्न (बीड) : माझे दीर सौदीत घरगुती ड्रायव्हर आहेत. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलाय, पगारही अडकलाय. राजदूत साहेबांना पत्र लिहिलं तर सोडवतील का?

ताई, पत्र लिहा, पण खरं सांगतो, राजदूत तिथल्या मालकाला ऑर्डर सोडू शकत नाही. तिथला कायदा तिथला. पासपोर्ट दाबून ठेवणं सौदीच्या कायद्यातही बसत नाही, पण ते सांगणार कोण अन् ऐकणार कोण. दूतावास काय करू शकतो, तर मालकाशी, म्हणजे कफीलशी बोलणं, लेबर ऑफिसला केस लावायला मदत, पासपोर्ट मिळतच नसेल तर परत यायला इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि अगदीच अडचण असेल तर २००९ ला सुरू झालेल्या इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून तिकीट. तरी एक्झिट व्हिसा, म्हणजे देश सोडायची परवानगी, लागतोच, तो दूतावासाच्या हातात नसतो, गाडी बहुतेक वेळा तिथंच अडते.

म्हणून तक्रार नीट करा. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवा, नंबर मिळतो, त्याच नंबरवर पाठपुरावा. दीर जेद्दा-मक्का-मदिना पट्ट्यात असतील तर जेद्दाचं कॉन्सुलेट, नाहीतर रियाधचा दूतावास. सोबत पासपोर्टची झेरॉक्स, इकाम्याचा (तिथं राहायच्या परवान्याचा) फोटो, ॲग्रीमेंट, कफीलचं नाव अन् मोबाईल नंबर. आमच्याकडं फोन यायचे, ‘साब, मैं अहमदपूरका, मालक मारायलाय’, अन् कुठं आहेस विचारलं की ‘वाळवंट आहे साहेब, शेळ्या आहेत’. एवढ्यावर माणूस शोधायचा कसा! पण आपली बोली ऐकली की तो माणूस रडायलाच लागायचा, मग तासभर फोन ठेवता यायचा नाही.

आणि गावातल्या दुसऱ्या पोरांना आत्ताच सांगून ठेवा, दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, आखाताला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या एजंटकडूनच जायचं, सोबत प्रवासी भारतीय बीमा काढायचा. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आपल्या मराठवाड्याचा या राजदूत प्रकरणांशी कधी संबंध आलाय का?

आलाय की! १९४८ ला भारताचे एजंट जनरल म्हणून क. मा. मुन्शी हैदराबादेत होते, म्हणजे तेव्हा आपल्यावर राज्य करणाऱ्या निजामाकडं दिल्लीचा दूतच. पण त्याहून भारी गोष्ट लंडनची. हैदराबाद भारतात आलं त्या १७ सप्टेंबरच्या धामधुमीत निजामाच्या एका मंत्र्यानं दहा लाख पौंडांवर रक्कम पाकिस्तानचे लंडनमधले हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या खात्यात टाकली. निजाम म्हणाला परत द्या, बँक म्हणाली खातेदार हो म्हटला पाहिजे. केस हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली अन् १९५७ ला तिथं पाकिस्ताननं सार्वभौम देश म्हणून संरक्षण मागितलं, म्हणजे आम्हाला दुसऱ्या देशाच्या कोर्टात खेचता येत नाही, ते मिळालं, केस ठप्प. पुढं २०१३ ला पाकिस्ताननं स्वतःच दावा लावला अन् ते संरक्षण हातानं घालवलं. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला, व्याजासकट साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास झालेली रक्कम भारत सरकार अन् निजामाच्या वारसांकडं.

त्यातलं मराठवाड्याला किती आलं, हे पुढचं पत्र येणार मला माहितीये. ते राजकारणाच्या सदराला पाठवा.